टाकीवर तारीख कुठे आहे?

घरच्या गॅस सिलिंडरचे वरचे कडे ज्या उभ्या पट्ट्यांवर टेकलेले असते, त्यांपैकी एका पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. बी-२७, डी-२८, असे काहीतरी. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. आणि आकडे सालाचे. त्या तारखेच्या आत सिलिंडर पुन्हा चाचणीला गेला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. नवा सिलिंडर दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी दाब देऊन तपासला जातो. म्हणजे विरारच्या कुठल्याही चाळीत ओट्याखाली घातक पदार्थाची एक छोटी टाकीच असते, आणि तिचा भरवसा कधीपर्यंत धरायचा हे तिच्याच अंगावर लिहिलेले असते. याच विरारच्या आसपास याहून कितीतरी मोठ्या टाक्या आहेत. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या पंपांखाली जमिनीत पुरलेल्या पेट्रोल-डिझेलच्या, रुग्णालयांच्या आवारात उभ्या असलेल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या, पाणी शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या क्लोरीनच्या, कारखान्यांत लागणाऱ्या आम्लांच्या आणि सॉल्व्हंटच्या. वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीची गाळेवजा औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेला तारापूरची एमआयडीसी आहे. या टाक्यांची तारीख असलीच तर ती कुठल्यातरी फाइलीत असते, शेजाऱ्यांना दिसेल अशी नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईच्या दिवाणमान भागात पाण्याच्या टाकीजवळ क्लोरीनचा एक जुना सिलिंडर गळला. एकाचा जीव गेला, आणि मदतीला धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांसह अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत याच जातीची घटना घडली होती. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरावर बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरांतून वायू सुटला आणि शंभरावर लोकांना त्याची बाधा झाली. ते सिलिंडर १९९७ पासून तिथे पडून होते. क्लोरीनचा स्वभाव समजला की या दोन घटनांमधले साम्य उलगडते. कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानाला पोलादाला फारसे काही करत नाही, म्हणून तर तो साध्या पोलादी सिलिंडरात भरता येतो. पण त्याला ओल मिळाली की आम्ले तयार होतात आणि तीच धातू खाऊ लागतात. वापरातल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कोणीतरी रोज हाताळतो, त्याची झाकणी घट्ट आहे का ते पाहतो. पडून राहिलेल्याच्या व्हॉल्व्हशी ओलसर हवा वर्षानुवर्षे खेळत बसते. जिचा कोणी वापर करत नाही ती वस्तू निरुपद्रवी, हा आपला घरगुती समज इथे उलटा ठरतो. एक लिटर द्रव क्लोरीनचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो, आणि हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने तो माणसांच्या उंचीवरच रेंगाळतो.

वसई-विरारच्या वाचकाला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विरार पूर्वेच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली आणि १७ माणसे गेली, त्यानंतर तर हा शब्द घरोघरी झाला. तीस वर्षांवरच्या इमारतीचे ऑडिट कायद्याने सक्तीचे आहे. ही इमारत मात्र २०१२ च्या सुमाराला उभी राहिलेली होती. वय पाहून धोका ओळखण्याची सवय किती अपुरी आहे, हे सांगायला यापेक्षा जवळचा दाखला नको. टाक्यांच्या बाबतीत तर ती सवय आणखी फसवते. इमारत निदान भेगा दाखवते, प्लॅस्टर सोडते, सळ्या उघड्या पाडते. टाकी आतून झिजते, आणि बाहेरून तिला दर दोन वर्षांनी रंगाचा हात मिळाला की ती नवी कोरी दिसते. (बॉस्टनमध्ये १९१९ साली काकवीची एक प्रचंड टाकी फुटून २१ माणसे मेली. तिची गळती लपावी म्हणून ती आधीच तपकिरी रंगवून घेतली होती.) म्हणून माझे म्हणणे असे आहे की ‘टाकी आज चांगली आहे का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे: पुढच्या तपासणीपर्यंत ती टिकेल, हे कशावरून? पहिल्या प्रश्नाला प्रमाणपत्र पुरते. दुसऱ्याला हिशेब लागतो, आणि हिशेबाला मागची नोंद लागते.

हा हिशेब सातवीतल्या मुलालाही करता येईल. प्लेटची जाडी मोजायला तिला भोक पाडावे लागत नाही. हातात मावणारे एक यंत्र प्लेटला टेकवले की ते ध्वनीचा अतिसूक्ष्म ठोका आत पाठवते. तो पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत येतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो, म्हणजे १० मिलिमीटरच्या प्लेटमधून त्याला जाऊन यायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेतीन पटीहून थोडा कमीच वेळ लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र जाडी सांगते. कारखान्यांत याला ‘थिकनेस घेणे’ म्हणतात. समजा, १० मिलिमीटरची प्लेट दहा वर्षांनी ८.५ भरली. म्हणजे वर्षाला ०.१५ मिलिमीटर गेले. आत भरलेल्या द्रवाचा भार पेलायला तिथे किमान ६ मिलिमीटर हवे असतील, तर २.५ मिलिमीटर शिल्लक आहे, आणि या वेगाने ते साधारण साडेसोळा वर्षांत संपेल. अनुभवी निरीक्षक साडेसोळा वर्षांनी या असे सांगत नाही. तो उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात, आठ वर्षांच्या आत, पुन्हा मोजायला सांगतो, कारण झिजेचा वेग कायम राहील याची हमी कोणी देत नाही. आता यातला दहा वर्षांपूर्वीचा आकडा काढून टाका. हातात फक्त ८.५ उरतात. चांगली जाडी आहे, असे म्हणून सही करायला ते पुरेसे आहेत. कधीपर्यंत चांगली, हे त्यांतून कधीच निघणार नाही. एकट्या मोजमापाला भविष्य दिसत नाही. जुनी वही हरवणे म्हणजे टाकीची अर्धी तपासणी हरवणे, ती याच कारणाने.

यात दोन पाचरी आहेत. पहिली म्हणजे, मोजायचे कुठे? टाकीच्या अंगावर हात पुरेल त्या उंचीवर चार ठिकाणी यंत्र लावून कागद भरता येतो, पण झीज सगळीकडे सारखी नसते. गंज खड्डे करत जातो, आणि सरासरी जाडी छान असताना एखादाच खड्डा आरपार निघतो. सगळ्यांत वाईट जागा तळाची. तळप्लेट वरून द्रवाखाली आणि खालून मातीवर किंवा पायावर टेकलेली. तिच्याकडे बाहेरून पाहण्याची सोयच नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन शहरात जानेवारी २०१४ मध्ये एका टाकीच्या तळाला पडलेल्या बोटभर छिद्रांतून कोळसा धुण्याचे रसायन नदीत गेले आणि सुमारे तीन लाख लोकांचे नळाचे पाणी बंद झाले. छतातून आत झिरपलेले पाणी तळाशी साचून प्लेट खात राहिले होते, आणि त्याआधीच्या दहा वर्षांत ती टाकी आतून तपासल्याची नोंद चौकशीत सापडली नाही. दुसरी पाचर जास्त लबाड आहे. किमान जाडी ही प्लेटची नसते, आतल्या द्रवाची असते. टाकी तहहयात एकाच मालासाठी वापरली तर ठीक. पण गंधकाम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असते. पाण्यासाठी किंवा त्याहून हलक्या सॉल्व्हंटसाठी बांधलेल्या टाकीत तेवढ्याच उंचीपर्यंत गंधकाम्ल भरले, तर खालच्या प्लेटांवर जवळपास दुप्पट ताण येतो. प्लेट तीच, यंत्रावरचा आकडा तोच, आणि तरी सुरक्षित टाकी एका रात्रीत धोकादायक झालेली असते. ऑर्डर बदलली की टाकीतला माल बदलणाऱ्या छोट्या कारखानदाराने हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

गंधकाम्लाचा विषय निघालाच आहे, तर कोकणच्या हवेत त्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. अगदी तीव्र गंधकाम्ल साध्या लोखंडी टाकीत ठेवता येते, कारण पहिल्या संपर्कातच प्लेटवर लोहाच्या क्षाराचा एक पातळ थर बसतो आणि तोच तिला पुढे राखतो. हेच आम्ल पाण्याने पातळ झाले की थर विरघळतो, लोखंड झपाट्याने खाल्ले जाते आणि हायड्रोजन सुटतो, जो ठिणगीची वाट पाहत छताखाली साचतो. पण बंद टाकीत पाणी येते कुठून? टाकी श्वास घेते. दुपारी तापली की आतली हवा व्हेंटमधून बाहेर जाते, रात्री निवली की बाहेरची आत येते. विरारच्या जुलैतली रात्रीची हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. तीव्र गंधकाम्ल ओल अधाशासारखे शोषते आणि पृष्ठभागाचा थर पातळ होतो; मग द्रवाची पातळी जिथे असते तिथे, शेलच्या म्हणजे उभ्या भिंतीच्या मधोमध, गंजाचा पट्टा उमटतो. मध्य भारतातल्या कोरड्या गावी वर्षानुवर्षे चाललेली टाकी समुद्राकाठी तितकी टिकेल, असे धरून चालणे म्हणूनच चूक. व्हेंटवर ओल शोषणारे भांडे बसवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि त्यातले दाणे वेळेवर बदलले जातात का हे पाहणे हीसुद्धा टाकीची तपासणीच.

तपासणी झाली म्हणजे काम झाले असेही नाही. १७ जुलै २००१ रोजी अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या मोटिवा रिफायनरीत वापरलेल्या गंधकाम्लाची एक टाकी स्फोटाने तळापासून उखडली. एक कामगार मेला, आठ जखमी झाले, आम्ल डेलावेअर नदीत गेले. ही टाकी कोणाच्या नजरेतून सुटलेली नव्हती. १९९८ पासून ती दरवर्षी कुठेतरी गळत होती आणि ठिगळे लावली जात होती. तपासनिसांनी शक्य तितक्या लवकर आतून पाहा असे लिहून दिले होते. ते पुढे ढकलले गेले. स्फोटाच्या आधीच्या महिन्यात कामगारांनी धोक्याचा लेखी अहवालही दिला होता. शिवाय ही टाकी मुळात ताज्या आम्लासाठी होती, तिचा उपयोग मधेच बदलला होता. शेवटी वरच्या जाळीच्या दुरुस्तीसाठी तिथे वेल्डिंगचे काम लावले गेले, आणि छिद्रांतून येणाऱ्या ज्वालाग्राही वाफेला ठिणगी मिळाली. ज्ञान होते, कागद होता, सही होती. त्या कागदाला ‘या तारखेनंतर टाकी बंद’ एवढे म्हणण्याचा अधिकार नव्हता.

नव्या टाकीला एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी नुकतीच बसवलेली होती. २१ एप्रिल २०२१ रोजी तिथे गळती झाली, रुग्णांकडे जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे वीसहून अधिक रुग्ण दगावले. गळणारा वायू विषारी नव्हता, उलट तो जीवच राखत होता. माणसे मेली ती तो न पोहोचल्याने. टाकीचा भरवसा म्हणजे पिंपाचे पोलाद एवढेच धरले तर ही घटना हिशेबात बसतच नाही. व्हॉल्व्ह, जोड, नळ्या, त्या बंद करता येतील अशी जागा आणि ती जागा रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असणे, हे सगळे टाकीतच मोजले पाहिजे. शिवाय ‘नवी’ हा शब्दही तपासून घ्यावा. पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे २ जानेवारी १९८८ रोजी डिझेलची टाकी भरता भरता दुभंगली आणि लाखो लिटर तेल मोनोंगाहेला नदीत गेले. ती जागेवर नवी असली तरी दुसरीकडून उतरवून आणलेल्या चाळीस वर्षे जुन्या प्लेटांची होती, आणि पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी घेतलेली नव्हती. या अपघातानंतर १९९१ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ६५३ क्रमांकाचे मानक आले. चालू टाक्यांची तपासणी आणि दुरुस्ती कशी करायची यासाठी आजही त्याचाच आधार घेतात.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. भोपाळची टाकी फुटलीच नव्हती. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री ई-६१० या टाकीतले चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट पाणी शिरल्याने उकळले, वरचे काँक्रीट तडकले, पण स्टेनलेस स्टीलचे ते पात्र शाबूत राहिले. वायू गेला तो दाब मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हच्या वाटेने. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनची टाकीही जागेवर उभीच होती. आतले तापमान वाढत गेले आणि वाफ व्हेंटमधून बाहेर पडली. मग प्लेटांची जाडी मोजून काय साधले? साधले एवढेच की त्या दोन टाक्या फुटल्या नाहीत. फुटल्या असत्या तर हानी कमी झाली असती असे कोणी म्हणणार नाही. पण आक्षेपातले सत्य मान्यच केले पाहिजे, कारण त्यानेच मूळ मुद्दा पक्का होतो. भोपाळमध्ये शीतकरण बंद होते, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा तयार नव्हती, आणि ई-६१० मध्ये नायट्रोजनचा दाब राहत नाही हे कित्येक आठवडे आधीच लक्षात आले होते. टाकी दाब धरत नाही, हे टाकीनेच दिलेले तपासणीचे उत्तर होते. विशाखापट्टणमला तापमान तळाशी मोजले जात होते आणि ऊब वरच्या थरात वाढत होती. दोन्हीकडे झीज होती, धातूची नव्हे इतकेच.

जमिनीची गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. वसई-विरारचा बराचसा विस्तार खाजणावर, मिठागरांच्या कडेला, भरावावर झाला आहे. भराव सगळीकडे सारखा दबत नाही. टाकीची एक बाजू खचली की तळ आणि शेल जोडणाऱ्या वेल्डिंगच्या सांध्यावर असा ताण येतो, ज्याची कल्पना जाडीच्या आकड्यांतून येणार नाही. सैबेरियातल्या नोरिल्स्कला मे २०२० मध्ये आधार खचल्याने डिझेलची टाकी फाटली आणि सुमारे २१,००० टन इंधन सांडले. मग पुराचे काय? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या. पाच मीटर व्यासाची, सहा मीटर उंचीची, सहा मिलिमीटर प्लेटची टाकी घ्या. रिकामी असताना तिचे वजन सव्वासहा टनांच्या घरात भरते. पायाला जखडलेली नसेल, तर भोवतालच्या डाइक वॉलच्या आत एक फुटापेक्षा थोडेच जास्त पाणी साचले की ती तरंगू लागते आणि नळ्या तोडत कलंडते. गळालेला माल अडवण्यासाठी बांधलेली भिंत पावसाचे पाणीही तितक्याच निष्ठेने अडवते, तिचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह कोणी उघडला नाही तर.

खर्चाचे उत्तर सरळ देणे भाग आहे. टाकी रिकामी करायची, धुवायची, आतला वायू काढायचा, मग माणूस आत उतरवायचा. तोवर उत्पादन बंद. गाळ्यात धंदा करणाऱ्याला हे परवडत नाही, हे खरे आहे आणि आत उतरणे हेच एक जिवावरचे काम आहे, हेही खरे. पण दरवेळी आत उतरावेच लागते असे नाही. बाहेरून थिकनेस घेणे, मातीत पाया खचला का ते साध्या लेव्हलने पाहणे, व्हेंट मोकळा आहे का ते पाहणे, ही कामे टाकी चालू असताना होतात. भरताना प्लेट कुठे कुरकुरते ते संवेदकांनी ऐकण्याचीही पद्धत आहे. एका वसाहतीतल्या वीस गाळ्यांनी मिळून एक निरीक्षक बोलावला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम फार उरत नाही. आणि छोटा साठा म्हणजे छोटा धोका, हे समीकरण तर सोडूनच द्यावे. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनच्या साठ्याची आगाऊ सूचना १० टनांपासून आणि सविस्तर सुरक्षा अहवाल २५ टनांपासून लागतो. बाजारातला क्लोरीनचा टोनर, म्हणजे मोठा सिलिंडर, ९०० किलोचा. अकरा टोनर ठेवणारा १० टनांच्या खालीच राहतो. दिवाणमानला तर एकाच सिलिंडरने हाहाकार केला.

राहिला ‘कायदा आहे की’ हा मुद्दा. आहेच. राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, दाबाखालच्या वायूंसाठी आणि पेट्रोलियमसाठी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही यंत्रणा आहे, आणि भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देण्याचे बंधनही घातले गेले. पण टाकी तपासणाऱ्या सक्षम व्यक्तीला पैसे देतो तो टाकीचा मालक, आणि त्या व्यक्तीने दिलेला कागद जातो मालकाच्या कपाटात. म्हणून एक साधी मागणी करावीशी वाटते. प्रत्येक घातक टाकीवर, कुंपणाबाहेरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, आत काय आहे आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आहे, एवढे रंगवून ठेवावे. मालक म्हणेल, लोक उगाच घाबरतील. तेच लोक डी-२८ लिहिलेला सिलिंडर जिन्यावरून चौथ्या मजल्यावर चढवतात, पट्टीवरची तारीख उलटून गेलेली दिसली तर डिलिव्हरीवाल्याला तो परत न्यायला लावतात, आणि संध्याकाळी त्याच्यावरच चहा ठेवतात.